ओढ्यावरचा पूल आणि माझं पोट

ति. मानसिंग दाजी यांच्या चरणी, वडूजकडल्या वाडीवरनं बाळासोचा दंडवत.

इकडं समदी बरी हाईत. तिकडं कुंडलात राणीअक्का, म्हसरं, ऊस कसं काय? आन तुमची तब्येत? पोट हाय तेवढंच हाय न्हवं? कमी करू नगासा, म्हणून आधी इचारतोय.

पत्र लिहायचं कारण म्हंजे मधी मी उपाशी बसलो हुतो. घरात भांडण न्हवं, ओढ्यावर पूल पायजे म्हणून, कचेरीपुढं. आमची शिवांजली पहिल्या बाळंतपणाला येणार हाय. श्रावणात दिवस भरत्यात, आन तवाच ओढा फुगला तर पोरीला कराडच्या दवाखान्यात न्यायची कशी, ह्या काळजीनं डोळ्याला डोळा लागत न्हाई. उपोषणाला तरणी पोरं तयार हुती, पर रंगुबाई (आमची चुलती, माजी सरपंच) म्हणाली, ही वाळकी दुसऱ्याच दिवशी चक्कर येऊन पडतील, बाळासोच्या अंगावर साठा हाय. समद्या बैठकीनं माझ्याकडं, म्हंजे माझ्या पोटाकडं बघितलं आन ठराव पास झाला.

सुरवातीला वजन सरसर उतरलं. डॉक्टर काट्यावर उभा करायचा, गाव टाळ्या वाजवायचं, कचेरीतले साहेब घाम पुसायचे. मग काटा लय सावकाश हलाया लागला. डॉक्टर म्हणाला, आधी गेलं ते बरंचसं अंगातलं पाणी हुतं, चरबी दमानं जळती. (गाल बसले, पोट काय जागचं हललं न्हाई.) साहेबांचा जीव भांड्यात पडला. गावाला मातूर वाटलं, मी चोरून खातोय. दाजी, पोटात कावळे वरडत असताना चोर ठरणं लय वाईट, मला रडूच आलं. रंगुबाई काठी घेऊन उशाला राखणीला बसली (आन बसल्या बसल्या भाजल्या शेंगा फोडून खायची). शेवटी मला अंधारी आली, साहेबांनी लेखी आश्वासन आन सरबत दिलं, मी उठलो. गेलेलं वजन भाकरी-आमटीवर कवाच माघारी आलं.

तुमचा मेव्हणा,
बाळासो

ता.क. धोंड्याचा महिना लागतोय. जावयाचा मान हाय, अक्काला घेऊन या. पुरणाचे धोंडे, वर तूप, हात आखडता घेणार न्हाई. चार कापडं जास्तीची आणा.

आणखी एक. आश्वासनाचा कागद हाय, पूल न्हाई. मला डॉक्टर परत बसू देत न्हाई. परवाच्या बैठकीत मी तुमचा दिवाळीतला फोटो दावला. रंगुबाईनं फोटो डोळ्याजवळ धरला आन म्हणाली, "ह्यो माणूस पूल बांधूनच उठंल."

तवा दाजी, धोंडे पोटभर खा. पोरीसाठी खा.