वाघोबा काचेत

२ ऑक्टोबर, दसरा

दिला! वाघोबा देऊन टाकला. गोणपाटात गुंडाळला, जीपमध्ये आडवा घातला, वरून दोरी. जा म्हटलं.

जुन्नरकडच्या निसर्ग संग्रहालयातली प्राची मॅडम आली होती. दिवाळीच्या सुट्टीत पोरांसाठी कार्यक्रम ठेवलाय — पेंढा भरलेला बिबट्या, कवट्या, पाखरांची घरटी. पोरांनी आजी-आजोबांना घेऊन यायचं. त्यात डोंगरातला वाघदेव पाहिजे म्हणे, महिनाभर. आमच्या बांधावरची फळी तिच्या मनात भरली. वाघ कोरलेला, वर चांद-सूर्य, शेंदूर चढून चढून नाक बुजलेलं.

गोकुळ भगत आडवा आला. "आजे, वाघबारस तोंडावर आली. देव शिवेवरनं हलवत्यात व्हय?"

"शिवेवर बसून काय केलं त्यानं? माझी हौशी खाल्ली!"

टोपी सारखी करून चालू लागला. बांध आमचा, मान आमचा. त्याचं काय चालणार?

५ ऑक्टोबर

लिहून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही. हौशी माझी गाय. जन्मताच आई मेली तिची, मी बाटलीनं पाजून वाढवली. पहिलारू, गाभण. म्हटलं आता घरात दूध येईल, सुनेपुढं चहासाठी थांबायला नको. आषाढात गोरख, माझा लेक, रानातून एकटाच आला. भिजलेला. "आये, वाघानं न्हेली. दरीत वढली." बघून येते म्हटलं तर जाऊ दिलं नाही. निसरडं होतं म्हणे.

दरसाल वाघबारशीला खिरीचा पहिला घास वाघोबाला. कशासाठी? गुरं राखावीत म्हणून! हा खीरही घेतो आणि गायही घेतो. मग बस काचेत. उपाशी.

९ ऑक्टोबर

गोरख जेवताना म्हणतो, "आये, देवाशी वैर बरं न्हाई. फळी माघारी आणू."

माझ्या गायीचं काही नाही, देवाचं पडलंय ह्याला! अर्धी भाकर टाकून उठला. उठू दे.

१२ ऑक्टोबर

नळावर लंकाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली — "यंदा गावानं खीर ठिवायची कुणापुढं?"

म्हटलं, "तुझ्या नवऱ्यापुढं ठेव. तोबी जागचा हलत न्हाई."

बाया हसल्या. ती हंडा अर्धाच घेऊन गेली.

१७ ऑक्टोबर, वाघबारस

गेले! नात हर्षाली बरोबर. एसटीनं नारायणगाव, पुढं जीप. गोरखला म्हटलं चल, तर त्याला भातकापणी आठवली.

संग्रहालयात पोरांची ही जत्रा! कागदाचे मुखवटे, मातीत उमटवलेले पंजे, बटण दाबलं की डरकाळी. आणि आमचा वाघोबा काचेत. खालून दिवा सोडलेला. ना नवा शेंदूर, ना फूल. शहरातली पोरं काचेला नाक लावून जीभ दाखवत होती. डोळे निवले माझे.

प्राची मॅडम म्हणाली, "आजी, इथे काही वाहायचं नाही हं."

"बाई, थेंबभर पाणी पण देऊ नकोस," म्हटलं. तिला गंमत वाटली.

खीर डब्यात नेलेली. त्याच्या तोंडासमोर उभी राहिले आणि सगळी खाल्ली. सावकाश. बोटं चाटली. राखणदार धावला — "आजी, आत खायला मनाई हाय!"

"तोंडातलं काढून देऊ का?"

मग खेळ. आपल्याकडं गुराखी पोरं खेळतात तोच. एकानं वाघ व्हायचं, बाकीच्यांनी हाकलायचं. हर्षाली वाघ झाली. पोरं ओरडली, "आमच्या शिवारात पुन्हा येशील का?" वाघानं "न्हाई" म्हणून पळायचं असतं. ही कमरेवर हात ठेवून उभी — "येणार! मी तिथंच राहतो!"

टाळ्या काय, शिट्ट्या काय. माझं रक्त, आणि त्याच्या बाजूनं! जीपमध्ये चिमटा काढला.

१८ ऑक्टोबर

रात्रभर पोट बिघडलं. त्याचा शाप नाही. दूध पिशवीचं होतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

गोकुळ परत आला. म्हणतो, वाड्या-वस्त्यांवर बिबट्या फिरतोय, देव आणा. म्हटलं महिना भरू दे. खरं तर दोन महिने ठेवा असं सांगणार आहे. गोरख दारात उभा राहून ऐकत होता. घाम आला होता त्याला, थंडीत!

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मढला गेले, माहेरी. सावळेरामला ओवाळलं. माझा धाकटा भाऊ. चहाला दूध आणायला त्याच्या शेजारच्या गोठ्यात गेले — हौशी. कुत्र्यानं फाडलेला डावा कान, हळद भरून मीच बरा केलेला. खाली वासरू लुचतंय. माझा हात चाटला तिनं.

भाऊ म्हणाला, "अक्का, अशी काय बघतीस? आषाढात तुझ्या गोरखनंच की आणून इकली. तुला ठावं न्हाई?"

"ठावं हाय," म्हटलं. चहा प्यायले.

मग त्याच्याच मोबाइलवरून प्राची मॅडमला फोन लावून घेतला. "देव उद्या नेते. काच मोकळी ठेवू नको — गोरखला आणते."