संगणकाची खोली

फुलचूर,
दि. १२ सप्टेंबर २०१०

चि. चंचल हिस,
अ. उ. आ.

तुझे पत्र पोहोचले. पाचवा महिना लागला. जिन्यावरून जपून उतरत जा.

जुना संगणक काढून लॅपटॉप घ्यावा, हा तुझा आग्रह आता तिसऱ्या पत्रात आला आहे. यंत्र सहा वर्षांचे झाले, हे मला मान्य आहे. पडदा थरथरतो, आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज येतो, आणि दुकानदार छोटेलाल यांच्या मते ते जागेवरून हलवल्यास पुन्हा सुरू होईलच असे नाही. तथापि पाणी वापर संस्थेची इतिवृत्ते आणि शेतकऱ्यांचे अर्ज त्यावर अजून टंकित होतात. लॅपटॉपचा कळफलक अरुंद, अक्षर बारीक, आणि मांडीवर यंत्र घेऊन बसणे माझ्या वयाला शोभणारे नाही. सबब हा विषय तूर्त स्थगित ठेवावा.

दुसरे असे की, बाळंतपणासाठी तू नाशिकलाच राहावेस, असे माझे विचारपूर्वक मत आहे. पहिले बाळंतपण माहेरी करतात, हा प्रघात मला ठाऊक आहे. परंतु त्या प्रघातात आई गृहीत धरलेली असते. तुझ्या सासूबाई अनुभवी आहेत. तुझी आई गेल्यापासून येथे मी एकटा, आणि मला भाताखेरीज काही रांधता येत नाही. तुझी आबाळ झालेली तिला रुचली नसती.

चि. तिलकराव यांस आशीर्वाद सांगावा. येथील चिंता करू नये आणि तेथील खुशाली कळवण्यात आळस करू नये.

तुझा,
बाबा

*

नाशिक,
२४ सप्टेंबर २०१०

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तिलकनी मोठ्याने वाचलं, आणि "सासरेबुवांनी ठराव फेटाळला, आता अपील कुठे करायचं?" असं मलाच विचारलं.

बाबा, मी फोन करते तेव्हा तुम्ही तब्येत विचारता, नाशिकची हवा विचारता, आणि मग नुसते थांबता. पूर्वी दोन शब्द बोलून तुम्ही फोन आईकडे द्यायचात. आता द्यायला कोणी नाही, हे दोघांनाही एकाच वेळी आठवतं. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तुम्ही निदान भांडता.

लॅपटॉप मांडीवरच घ्यावा लागतो असं नाही. ओसरीत, ओट्यावर, कुठेही बसतो. आम्ही दुकानात जाऊन हाताळून पाहिले. चौदाचा नको, पंधरा इंची पडदा घ्या. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. वीज गेली तरी तीन तास चालतो, म्हणजे लोडशेडिंगमध्ये कोणाचा अर्ज अर्ध्यावर उडणार नाही. काम झालं की मिटून कपाटात. आणि ते भलंमोठं टेबल, तो डबा, वायरींचं जंजाळ, सगळं त्या कोपऱ्यातल्या खोलीतून निघेल.

नाशिकलाच राहायचं, ते कळलं. तुम्ही विचार करूनच लिहिलं असणार.

एकच सांगा, त्या यंत्रात असं काय आहे?

जेवण वेळेवर घ्या, आणि माझ्यावरची माया लॅपटॉपवरच्या रागात कमी करू नका.

तुमची,
चंचल

*

कोहमारा
६ ऑक्टोबर

भाऊजीले रामकलीचा नमस्कार.

तुमची साळी सातवी पास हाय, लाल पेन घेऊन बसू नोका.

काल चंचलचा फोन आलता. पोरगी रडून राहिली होती. मी म्हनलं काऊन रडतेस, त सांगे, मावशी, बाबाले लॅपटॉप घ्या म्हून तीनदा लिवलं, बाबा अक्षर बारीक हाय म्हून लिवून राहिले. भाऊजी, तुमी बीए झालेले मानूस. नहराच्या आफिसात उभी जिंदगी कागद वाचले, आन पोरीचा कागद वाचता आला नाही? तिले लॅपटॉप नाही पायजे. तिले खोली पायजे. तुमच्या घरात वारा न लागनारी खोली तेवढी एकच. दवाखान्यातून आल्यावर सव्वा महिना बाळंतीन निजन कुठी, त्या डब्ब्यावर? शेगडी कुठी ठेवन, वायरीइच्या खाली? ताई चंचलले घेऊन त्याच खोलीत निजली होती. तुमी तवा ओसरीत पेपर उलटा धरून बसले होते, मले बराबर आठवते.

ताई नाही, त मी काय मेली? धानाचं सुना पाहतीन. मी येतो सव्वा महिना. लाडू, मेथी, शेक, सारं मी करतो. तुमी बाजारातून सामान आना आन मधात बोलू नोका.

तुमी तिले येऊ नोको म्हनलं, असं पोरीच्या मनात बसलं हाय. ते पयले काढा. डब्बा मंग काढा.

राग आला त मले सांगा, पोरीवर काढू नोका. जीव हाय म्हून लिवलं.

रामकली

*

फुलचूर,
दि. १५ ऑक्टोबर २०१०

चि. चंचल हिस,
अ. उ. आ.

तुझ्या रामकली मावशीचे पत्र आले. त्यातील मजकूर सत्य आहे. तू खोली मागत होतीस आणि मी तुला यंत्राविषयी उत्तरे देत होतो. तुला येऊ नकोस असे म्हणण्याचा माझा हेतू नव्हता. परंतु मी तेच लिहिले, हे पत्राची नक्कल पुन्हा वाचल्यावर ध्यानात आले. मी दिलगीर आहे.

यंत्रात काय आहे, असे तू विचारले होतेस.

मी दुपारी वाचनालयात गेलो की तुझी आई त्यावर पत्त्यांचा खेळ खेळत असे. मी तिला एकदा म्हणालो होतो की, हे यंत्र कामासाठी आणले आहे. त्यावर, जिंकणे हे काम नव्हे असे तुमच्या कोणत्या साहेबांनी सांगितले, असे तिने विचारले. ती गेल्यानंतर मला आढळले की, त्या खेळात एक चौकट उघडते आणि तीत आजवरच्या डावांची नोंद दिसते. जिंकलेले सहाशे अकरा, हरलेले पाचशे त्र्याहत्तर. मी रोज ती चौकट उघडतो, वाचतो आणि यंत्र बंद करतो. स्वतः एकही डाव खेळलेलो नाही. जिंकलो काय किंवा हरलो काय, नोंद तिची राहणार नाही.

छोटेलाल यांना विचारले. अर्ज, पत्रे, छायाचित्रे सर्व लॅपटॉपमध्ये येईल; ही नोंद मात्र येणार नाही, असे ते म्हणाले. काकाजी, नये पे नया डाव लगाओ, तुम्ही तर आता रिकामेच आहात, असे म्हणून ते हसले. भले गृहस्थ आहेत. त्यांना कारण ठाऊक नव्हते.

मला थोडे दिवस दे. किती, हे मला सांगता येत नाही.

आजवर जसे सांभाळून घेतलेस, तसेच घ्यावे.

तुझा,
बाबा

*

नाशिक,
२५ ऑक्टोबर २०१०

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

हे मला माहीत नव्हतं. आणि एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही.

त्यातले पुष्कळ डाव आमच्या दोघींचे आहेत. आई अडली की मला फोन करायची. काळ्या दश्शीवर लाल नव्वी ठेवू, की आधी राजा मोकळा करू? मला इथून काय दिसणार! मी कांदा चिरता चिरता काहीतरी ठोकून द्यायचे. हरली की मला लाखोली, आणि जिंकली तर तिची हुशारी. पाचशे त्र्याहत्तरांतले निम्मे माझे धरा. तुम्हाला सांगू नकोस म्हणायची. साहेब कामाचं यंत्र काढून घेतील म्हणे.

चार वाजले की अजून माझं लक्ष फोनकडे जातं.

बाबा, यंत्र हलवू नका. राहू द्या तिथेच. मी पुढच्या खोलीत झोपेन, दाराला गोधडी लावू. मला व्यवस्था नको आहे. सासूबाई मला फुलासारखं जपतात, पण त्यांनी आईला लग्नात पाहिलं आणि नंतर दोनदा. तिची आठवण काढली की त्या पाणी आणून देतात. मला पाणी नको असतं. ती कशी हसायची, कशी खोटं बोलायची, हे जिथे कोणाला माहीत आहे, तिथे मला यायचं आहे. असं माणूस आता एकच आहे.

"ये" एवढं एक अक्षर लिहा. बाकी पत्र कोरं असलं तरी चालेल.

तुमची वाट बघणारी,
चंचल

*

फुलचूर,
दि. १० नोव्हेंबर २०१०

चि. चंचल हिस,
अ. उ. आ.

ये.

मी दि. २० रोजी विदर्भ एक्स्प्रेसने निघून दुसऱ्या दिवशी नाशिकला पोहोचतो. परतीची तिकिटे काढली आहेत. तुझी खालची शायिका आहे. डॉक्टरांचे सर्व कागद एका पिशवीत ठेव. तुझ्या सासूबाईंना आणि तिलकरावांना विनंतीचे पत्र रीतसर, स्वतंत्र पाठवले आहे.

लॅपटॉप घेतला. छोटेलाल यांनी प्रथम चकचकीत झाकणाचा दाखवला. त्यात आपलेच तोंड दिसते, म्हणून तो नाकारला. पंधरा इंची, काळा, खरबरीत घेतला. संस्थेचे एक शेतकरी भैयाजी यांचा पाण्याच्या पाळीचा अर्ज ओसरीत बसून टंकित केला. मध्येच वीज गेली. अर्ज गेला नाही. या मुद्द्यावर तुझे म्हणणे बरोबर होते.

जुने यंत्र काढण्यापूर्वी मी त्यावर एक डाव खेळलो. काळी दश्शी आलीच. तुला विचारावे असे वाटले, परंतु विचारले नाही, आणि हरलो. हरलेले डाव आता पाचशे चौऱ्याहत्तर झाले. त्यांत आपण तिघेही आहोत. तेवढे झाल्यावर मी छोटेलाल यांना यंत्र नेण्यास सांगितले.

रामकली रविवारपासून येथे आहे. भिंतींना चुना दिला, टेबल गोठ्यात पाठवले, आणि पलंग दोनदा फिरवून तिसऱ्या वेळी प्रथम लावला होता तिथेच ठेवला. मी मत देऊ लागलो की ती मला बाजारात पाठवते. घरात इतके बोलणे बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

काल पलंग डुगडुगतो की काय, हे पाहण्यासाठी मी त्याच्या उशाशी बसलो. पलंग ठेंगणा आहे. त्या जागी जमिनीवर बसून तुझी आई संध्याकाळचे तांदूळ निवडत असे. मी त्या खोलीत नेहमी खुर्चीवर, लहान खिडकीकडे पाठ करून बसलो. खिडकी ठेंगणी असल्याने उभ्याने तीतून केवळ शेजारचा उतरता पत्रा दिसतो. खाली बसले की त्या पत्र्याखालून अंगण दिसते, आणि अंगणापलीकडे थेट फाटक.

पस्तीस वर्षे मी कडी वाजवण्याआधी ती दार उघडत असे. मी कधी विचारले नाही, तिने कधी सांगितले नाही.

वाचनालयातून मी पाच वाजता परत येतो. तू आलीस की उशी त्याच बाजूला घे.

तुझा,
बाबा