झऱ्याचे पाणी आणि फलकावरचा आकडा

मी, राडोस्टिना स्पासोवा, वय चौतीस, कृत्रिम बर्फाच्या यंत्रांची तंत्रज्ञ, राहणार गोर्नो बेलेवो, हा कागद स्वतःच्या हाताने व कोणाच्या सांगण्याविना लिहीत आहे. आजार यकृतात आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. येता वसंत मी पाहणार नाही, असे त्याच डॉक्टरांनी तोंडी सांगितले.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक रुसे शहरातल्या कालिना लाझोवा हिला. ती माझी नातलग नाही. तीन वर्षांपूर्वी, बारा वर्षांची असताना, ती शाळेच्या सहलीबरोबर आमच्या स्कीच्या उतारावर आली. रोज सकाळी सातला खालच्या स्थानकाच्या फलकावर बर्फाची खोली लिहिणे माझ्याकडे होते. माझा थोरला भाऊ वल्को, म्हणजे उताराचा मालक, याने मोजकाठी बर्फ उडवणाऱ्या फवाऱ्याच्या तोंडापुढे रोवून घेतली होती. तिथे ढीग साचतो. मी त्याला म्हटले, "दादा, उतारावर अकराच सेंटिमीटर आहे. कडेला दगड उघडे पडलेत."

"मग उतारावर मोजतेस कशाला? साठ लिही. बर्फ काय कोर्टात साक्ष द्यायला येतंय?"

मी साठ लिहिले. दुपारी कालिना दगडावर आदळली. ती आता चालत नाही. पोरीला घसरताच येत नव्हते, असे दादाने चौकशीत सांगितले. मी शेजारी बसून होते, गप्प.

२. नटबोल्टचे पाने, दाबमापक आणि ओल्या फडक्याचा तापमापक माझ्या जागी येणाऱ्या तंत्रज्ञाला. या ओल्या तापमापकाचा पारा उणे दोन अंशांच्या खाली गेल्याशिवाय फवारा सुरू करू नये. दादा 'सुरू कर' म्हणेल.

३. वडिलांच्या लाकडी स्की दादाला. भिंतीवर शोभतील. गेल्या दोन हिवाळ्यांत इथे त्यांचा दुसरा उपयोग झालेला नाही.

४. रिवाजाप्रमाणे माझ्या मृत्यूची छायाचित्रासह छापील सूचना दारावर लावतीलच. एक प्रत तिकीट-खिडकीच्या काचेवरही लावावी आणि चाळीस दिवस काढू नये. गिऱ्हाईक बिचकते, अशी दादाची तक्रार असेल. ती ऐकू नये.

५. वरच्या कुरणातला झरा माझ्या एकटीच्या नावावर आहे. दादाची सगळी यंत्रे त्याच पाण्यावर चालतात. आकाशातून पडणाऱ्यावर आता कोणी विसंबत नाही. हा झरा मी दादालाच देते. अट एकच: हंगामभर रोज सातला त्याने उताराच्या मध्यावर मोजलेली खोली स्वतःच्या अक्षरात फलकावर लिहावी. शेजारी वेगळी मोजणी एमिनेकाकू करतील. त्यांच्या गायींना दादाने या पाण्यावरून हाकलले होते, त्यामुळे त्या खाडा करणार नाहीत. पहिला खोटा आकडा सापडेल त्या दिवशी झरा काकूंचा.

अट त्याला मागच्या रविवारी वाचून दाखवली. तो म्हणाला, "टिने, खरं लिहिलं तर कोण येणार गं इथे?"

"कोणी नाही, दादा."

"आणि खोटं लिहिलं तर पाणी जाणार."

"हो."

मरायच्या आत अट काढशील का, असे त्याने विचारले. नाही म्हटले. हा कागद अखेरचा समजावा.

सही: राडोस्टिना स्पासोवा
साक्षीदार: पेन्को द्राग्नेव, टपाल कर्मचारी; मिल्का तोनेवा, परिचारिका
गोर्नो बेलेवो, ९ नोव्हेंबर. सकाळी सात. उताराच्या मध्यावर बर्फ: शून्य.