दाराची फट

बाबा, काल मी खिडक्यांना पट्टी चिकटवली. स्पंजासारखी मऊ, एका बाजूने गोंद लावलेली ही पट्टी आता डिचोलीच्या बाजारात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते. कागद सोलायचा आणि कडेकडेने दाबत जायचं, झालं काम. तुम्ही असतात तर दोन बोटांत चुरगाळून बघितली असतीत आणि "ह्यां सुताराचां काम न्हय" म्हणून परत दिली असतीत. तुमची पणती चार वर्षांची आहे. समोरचा रस्ता रुंद करताहेत, त्या धुळीने तिला धाप लागते. खिडक्या झाल्या आणि पट्टी उरली, तेव्हा सून म्हणाली, "पप्पा, आता दाराक पण लावा." मी म्हणालो, "दाराक नको. पावसात दार फुगतां." ती हसली. "ह्यां दार फायबराचां, पप्पा. तां खंय फुगतलां?" तिचं खरं होतं. तरी माझा हात पुढे होईना.

शिरगावच्या आपल्या घरासमोरून खनिजाचे ट्रक जायचे ते दिवस आठवतात? सकाळी ओळ लागायची ती दिवेलागणीपर्यंत. पेजेवर लाल साय यायची. आई जनेलांच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबायची, दिवसातून दोनदा त्या काढून धुवायची, आणि तरी रात्रभर खोकायची. खिडक्यांना चिंध्या चालल्या. दाराला टिकत नव्हत्या, उघडझाप केली की गळून पडायच्या, आणि घरातल्या प्रत्येक दाराला तुम्ही करंगळीचं नख जाईल एवढी फट ठेवली होती. मी कुरकुर केली की तुमचं एकच उत्तर. "पावसात लाकूड फुगतां रे. ताका जागो नको?" त्या फटीवर तुमचं नाव उभं होतं. इब्रामपूर, हळर्णपासून डिचोलीपर्यंत लोकांची दारं पावसाळ्यात खांदा लावून उघडावी लागत. तुम्ही केलेलं दार भर श्रावणातही एका बोटाने उघडतं, असं लोक सांगत.

मी तेव्हा खाणीच्या ऑफिसात नुकता चिकटलो होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. तुम्ही पंधरा दिवस इब्रामपूरला कुणाच्या नव्या घराचं काम करायला गेलात, तेवढ्यात मी तुमच्याच रंध्याने एक पातळ पट्टी तासली, आईच्या खोलीच्या दाराच्या कडेला सरसाने चिकटवली, वर चार बारीक चुका ठोकल्या आणि रंग दिला. दार चौकटीत गच्च बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उशीवरून हात फिरवत म्हणाली, "आज धूळ नाय गो बाय!" आनंदाने ती मलाही बाय म्हणायची. त्या दिवशी मला वाटलं, जन्मभर दारं करून बाबांना जमलं नाही ते मी एका दुपारी केलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तुम्ही परत आलात आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवलात. रागावला नाहीत. "पट्टी बरी तासलंय," म्हणालात. मग म्हणालात, "मिरग लागच्या आदी काढ ती. तुयां लावलंय, तूच काढ." मी हो म्हणालो. तुम्ही पुन्हा इब्रामपूरला गेलात. मृग लागला, पाऊसही लागला, आणि मी पट्टी काढली नाही. विसरलो नव्हतो. काढली असती तर तुमचं बरोबर ठरलं असतं.

तो रविवार. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. तुम्ही इब्रामपूरहून दुपारीच आला होतात आणि शेजारच्या घरी बसला होतात. आई भिजून आली, लुगडं बदलायला खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. मग आतून तिची हाक आली. मी ढकललं, लाथ मारली, दार हललं नाही. जनेलाला गज. ती घाबरली तशी तिला धाप लागली, आणि तो आवाज मला दारापलीकडून ऐकू येत होता. मी ओरडलो तेव्हा तुम्ही आलात, पाठोपाठ शेजारी. कुऱ्हाड हातात घेऊन तुम्ही एक श्वासभर दाराकडे बघत राहिलात. फणसाचं ते दार तुम्ही लग्नाआधी केलं होतं. मग घाव घातलेत.

आई वाचली, नंतर बरीच वर्षं जगली. पण त्या दिवशी ती खाटेवर पडलेली असताना शेजाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "मेस्त, तुमचां दार, आनी आडकलां?" फुटलेली फळी तुमच्या पायाशी होती, रंगवलेली पट्टी अजून तिला चिकटलेली. मी आईला वारा घालत राहिलो. तुम्ही वाकलात, पट्टी उपटून काढलीत, न्हाणीच्या चुलीत घातलीत आणि म्हणालात, "माजोच अंदाज चुकलो."

गावात गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? मेस्तची बायको मेस्तच्याच दारात अडकली. त्या पावसानंतर तुम्हाला दारं करायला फारसं कुणी बोलावलं नाही. पाट, विळीच्या पाटल्या, कुणाच्या बसायच्या कदेलीचा मोडका पाय, एवढंच येत राहिलं. तुम्ही तेही मन लावून केलंत. आईला सगळं ठाऊक होतं, तीही बोलली नाही. तुमच्या शेवटच्या आजारात मी रोज उशाशी बसायचो. रोज ठरवायचो, आज बोलायचं. तुम्ही विचारायचा, "पेज जेवलंय?" आणि मी जेवलो म्हणून सांगायचो. बाबा, मला लाज वाटते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मलाही कळतं. तुम्हाला यातलं काहीच नवं नाही. ज्यांना नवं आहे ती दोघं आता पलीकडच्या खोलीत मुलीला झोपवताहेत. काल सुनेने फारच विचारलं, दाराला पट्टी का नको म्हणून. मी सांगितलं, माझी आई एकदा दारात अडकली होती. मुलगा म्हणाला, "आजोबांनी केलेल्या दारात? म्हणजे आजोबांचो अंदाज चुकलो?"

मी मान हलवली, बाबा. हो म्हणून.