वाचनगटात बोललेलं खोटं

रविवार, संध्याकाळ. मनीषनगर.

आज वाचनगटात खोटं बोलले. बँकेत काम करणाऱ्या श्रुतीने जादूच्या दुनियेची एक कादंबरी सुचवली, तर निवृत्त मुख्याध्यापक सर हसले, "ही पोराटोरांची पुस्तकं." ती ओशाळली. पुढची पाळी माझी. घाबरून मी एका न वाचलेल्या चरित्राचं नाव ठोकून दिलं. काहून बोलले मी असं? श्रुतीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

खरं तर महिनाभर मीही तसलीच कादंबरी वाचते आहे, सासूबाईंना, मोठ्याने. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. जन्म कुही गावच्या शेतात गेला त्यांचा. काल मी वाचत असताना मधेच म्हणाल्या, "राणीनं नदी बाटलीत भरली, तं खालच्या धानाले पाणी कोण देईन वं?" इतका नेमका प्रश्न आमच्या गटात कुणी कधी विचारलेला नाही.

आत्ताच गटाच्या व्हॉट्सअॅपवर खरं काय ते लिहून टाकलं, कादंबरीच्या नावासकट. सरांना हसायचं तर हसू देत. श्रुतीला एकटं पाडलं, ते पुन्हा होणार नाही.

मग सासूबाईंना म्हटलं, "पुढच्या रविवारी तुम्हीही चला. हाच प्रश्न विचारा."

"येईन ना. पण तवापर्यंत पुस्तक पुरं वाचून दाखव. अर्धं आयकून मी कोणाशी भांडत नाही."