मयत रुखमाबाई हिला घरी जाऊ देणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधिकारीसाहेब,
कोसमघाट राष्ट्रीय उद्यान,
कचेरी मुक्काम चांदा, जिल्हा चांदा, मुंबई राज्य.

अर्जदार : गुलाम रसूल वल्द हाफिज मियाँ, वय ४६, धंदा लग्नात घोडी देणे, राहणार चांदा.

विषय : मौजे सावरटोला येथील रुखमाबाई ही नाक्यावरील रजिस्टरात मयत असली तरी प्रत्यक्षात जिवंत असल्याने, तिला उद्यानातील तिच्या राहत्या घरी जाऊ देणेबाबत.

संदर्भ : १) आपले कचेरीचा हुकूम, घोडी हटविणेबाबत, दि. १ मार्च १९५७.
२) माझे दि. १८ व २७ मार्चचे अर्ज व त्यांवरील आपली उत्तरे.

महोदय,

१. हात जोडून लिहितो की, ज्या बाईला आपले रजिस्टर मयत म्हणते ती आज सव्वीस दिवस माझ्या अंगणात बसून आहे. वय सत्तरच्या पुढे, दात पाच, आवाज खणखणीत. आज सकाळीच मिरच्या वाळत घालण्यावरून तिचे व माझी बायको सुलताना हिचे वाजले, आणि माझी बायको हरली. मागचे दोन अर्ज मी थोडक्यात केले म्हणून उत्तरेही थोडक्यात आली. सबब या खेपेला सर्व हकीकत मुळापासून लिहितो. त्यात माझा गुन्हाही आहे, तो मी लपवत नाही.

२. गेल्या डिसेंबरात आपले कचेरीने तहशिलीच्या फळ्यावर जाहिरात लावली की, शहरातील लोकांसाठी कोसमघाटाच्या डोंगरात घोड्यावरून तीन दिवसांची सहल सुरू होत असून त्याकरिता ‘शांत, न बिथरणारी, गर्दीला सरावलेली’ घोडी पाहिजेत. ही तिन्ही लक्षणे माझ्या शहजादीला जशीच्या तशी लागू होती. अकरा वर्षांत तिने चांदा, मूल, वडसा इकडचे चारशेच्या वर नवरदेव मारुतीच्या देवळात नेऊन मांडवात पोचवले. एकालाही पाडले नाही, आणि त्यातले काही पडण्याच्याच लायकीचे होते. चांद्याचे टांगेवाले शहाणे, त्यांच्यातला एकही आला नाही. सगळ्या सहलीला मिळून घोडी एकच झाली, ती माझी.

३. येथे घोडीचा स्वभाव सांगणे जरूर आहे. शहजादी बँडमागून चालते. बँड थांबला की थांबते, कारण वरातीत तसेच करायचे असते. लग्नाहून रिकामी परत आणताना मी पत्र्याचा डबा बडवत पुढे चालतो, आमच्या गल्लीला त्याची सवय आहे. हळू वाजवून चालत नाही, कारण अकरा वर्षे पितळी बाजाला चिकटून चालल्याने तिचे कान गेले आहेत. ओढले तर चारही पाय रोवते. हे सर्व मी सांगितले असते. पण जाहिरातीत घोडी चालली पाहिजे असे कोठे लिहिले नव्हते आणि मला कोणी विचारलेही नाही.

४. उद्घाटन २६ जानेवारीस झाले. त्या दिवशी आपण स्वतः चांद्याचा बँड लॉरीने आणवला होता. नाक्यापासून डोंगरावरील विश्रामगृहापर्यंत चार मैल तो वाजत गेला आणि त्यामागून माझी घोडी झूल-गोंड्यांसह अशी चालली की आपण मला ‘शाबास’ म्हणालात. सायंकाळी बँड लॉरीत बसून गेला. दुसऱ्या दिवसापासून नियम ११ लागू झाला, तो असा की उद्यानात वाद्य, डबा, टाळी, आरोळी यांस सक्त मनाई. शहजादी विश्रामगृहाच्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली जेथे होती तेथेच राहिली.

५. सहलीचे पाहुणे आले नाहीत असे नाही. नागपूरचे एक पेन्शनर न्यायाधीशसाहेब सपत्नीक आले. ते घोडीवर बसले. घोडी उभी. अर्धा तास त्यांनी दुर्बिणीने समोरची टेकडी पाहिली, मग खानसाम्याने चहा वर दिला, तो त्यांनी घोडीवरच घेतला. जेवणाची वेळ झाली तेव्हा उतरले व अभिप्राय-वहीत लिहिले की सवारी अत्यंत सुखद आहे, धक्का मुळीच बसत नाही. बाईसाहेबांनी दुसऱ्या दिवशी तेथेच बसून स्वेटरचा गळा विणून काढला. मुंबईचे एक तरुण जोडपे मात्र रागावले. त्यांनी तिच्या कानाशी टाळ्या वाजवल्या, त्याबरोबर घोडी सात पावले चालली, आणि त्या सात पावलांचा दंड मला झाला.

६. मी निघून जावे तर करारात कलम होते की घोडी आत असेपर्यंत मालकाने तिच्याजवळून हलू नये, हलल्यास घोडी बेवारस समजली जाईल. घोडी लॉरीत किंवा बैलबंडीत घालून न्यावी तर नियम १७ आडवा आला, कारण चोरटे गवताखाली चितळे लपवून नेतात म्हणून कोणतेही जनावर, जिवंत वा मेलेले, गाडीतून नाक्याबाहेर नेता येत नाही. ते आपल्या पायाने गेले पाहिजे. आणि पायाने जायला वाजवले पाहिजे, आणि वाजवायला मनाई. मी दीड तास डबा वाजवण्याची परवानगी मागितली. उत्तर आले की अशी सूट देण्याचा अधिकार पूर्वी नागपूरला होता, राज्य बदलल्यामुळे तो आता मुंबईला गेला आहे, पण पोचल्याचे कळलेले नाही. साहेब, मी तुरुंग आतून पाहिलेला नाही, पण तेथे निदान किती दिवस राहायचे ते सांगतात. मी रोज सकाळी उठून त्याच चार टेकड्या पाहिल्या आणि मला रडू आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

७. मग १ मार्चचा आपला हुकूम आला. घोडी १५ तारखेपर्यंत बाहेर न नेल्यास ती ‘निकामी जनावर’ ठरवून, पाहुण्यांना वाघ दाखविण्याच्या मचाणाखाली बांधली जाईल, असे त्यात होते. हुकूम वाचून झाल्यावर मी तो घोडीपासून लपवून ठेवला. तिला वाचता येत नाही हे मला माहीत आहे.

८. सावरटोला हे अठरा घरांचे गाव विश्रामगृहापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथील रुखमाबाई विधवा असून पुतण्या मुखरू याचेजवळ राहते. ती रोज सकाळी घोडीला पेज पाजायला येई आणि उरलेली मला देई, या क्रमाने. हुकूम मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, “मुकं जनावर वाघाले बांधून देतेत? थे काऊन? चालत नाई म्हून? मंग मले बी बांधा, माहे बी गुडघे धरले हायेत.” मग तिने विचारले की वाजवायला कधीच परवानगी नाही काय. मी नियम ११ ची शेवटची ओळ वाचली. आतील गावकऱ्यांची लग्ने व मयत यांस वाद्याची सूट आहे. गावात यंदा लग्न नव्हते. यावर ती म्हणाली, “मंग मयत हाये ना.” मी विचारले कोणाची. ती म्हणाली, “माही.”

९. मी नको म्हणालो. आपल्यासमोर शपथेवर सांगतो, तीनदा नको म्हणालो. चौथ्यांदा म्हणालो नाही, आणि हाच माझा गुन्हा. उद्यानात उघड्यावर विस्तव पेटविण्यास मनाई झाल्यापासून सावरटोल्याची मसणवट नाक्याबाहेर नाल्याकाठी गेली आहे, त्यामुळे तेथील मयत नाक्यावरूनच जाते. १३ मार्चला, होळीच्या तीन दिवस आधी, सकाळी तिरडी बांधली. रुखमाबाई स्वतः येऊन तिच्यावर निजली आणि बांबू टोचतो म्हणून तिने एक घोंगडी अंथरून घेतली. दसरू डफडेवाल्याने मयताची चाल धरली, पण घोडीने कानही हलवला नाही. मग त्याने लग्नाची चाल धरली. साहेब, सेहेचाळीस दिवसांनी माझी शहजादी मान डोलावत चालू लागली तेव्हा तिरडीमागे मी खरेच ओक्साबोक्शी रडत होतो. ते पाहून नाकेदारांची खात्री पटली. ते या भागात नवे असल्याने इकडे मयताला अशी चाल वाजवतात असे समजले आणि टोपी काढून उभे राहिले.

१०. त्यांनी नियमाप्रमाणे रजिस्टर लिहिले. बाहेर गेले : माणसे तेरा, घोडी एक, मयत एक, नाव रुखमाबाई, गाव सावरटोला. नाल्यापलीकडे तिरडी उतरवली, रुखमाबाई उठून बसली, तिने शहजादीच्या कपाळावर हात ठेवला आणि सगळे हसले. त्या वेळी मीही हसलो. मग मुखरू व गावकरी परत निघाले आणि त्यांच्याबरोबर तीही.

११. नाक्यावर आडवा बांबू होता. माणसे तेरा परत घेण्याची मुभा होती, त्यातला मी चांद्याचा, म्हणजे बारा. बारा आत गेली. नाकेदार वाईट माणूस नाही. ते बाईकडे पाहत राहिले, मग रजिस्टराकडे, मग घाम पुसून म्हणाले, “बाई, तुमी मले दिसून राह्यल्या, पन रजिस्टरात तुमी नाई. शाईनं लिवलं मी. खोडलं त माही नोकरी जाते, माह्या घरी चार लेकरं हायेत.” रुखमाबाई म्हणाली, “मंग नोको खोडू बापू, लेकरं जगव.” आणि ती बांबूच्या अलीकडे दगडावर बसली. मुखरू पलीकडे उभा होता, दोघांच्या मध्ये दोन हात अंतर. सूर्य मावळेपर्यंत ती दोघे तशीच बोलत राहिली. शेवटी मी तिला घोडीवर बसवून, डबा वाजवत, माझ्या घरी आणले.

१२. माझ्या पहिल्या अर्जावर उत्तर आले की मयत व्यक्तीसंबंधी परकी व्यक्तीचा अर्ज विचारात घेता येत नाही, वारसाने करावा. मुखरूने केला. त्याला उत्तर आले की वारसाने अर्ज केला यावरूनच मृत्यू सिद्ध होतो. मी पुन्हा लिहिले तेव्हा हयातीचा दाखला मागवला, तो तिच्या गावच्या पाटलांनी तिला गावात समक्ष पाहून द्यावा असा. गावात ती जाऊ शकत नाही. पाटील बाहेर आले तर ते त्यांच्या गावाच्या हद्दीत नसतात. चांद्यातल्या एका डॉक्टरसाहेबांनी नाडी पाहून लिहून दिले की ही बाई निःसंशय जिवंत आहे. आपण कळवले की बाई जिवंत असल्याबद्दल कचेरीची तक्रार नाही, पण ती रुखमाबाई आहे कशावरून.

१३. ती माझ्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून आपला भात आपण शिजवते. आमचे रोजे सुरू झाल्यापासून संध्याकाळी सुलतानासाठी चुलीवरून हाक मारते की दिवस बुडाला, आता पाणी पी. तिचे काही कमी पडू दिलेले नाही. पण हे दिवस मोहफुलांचे आहेत. तिच्या घरामागे मोहाची दोन झाडे आहेत, सासऱ्याच्या वेळची, आणि पंचावन्न वर्षांत एकही हंगाम तिने चुकवलेला नाही. पहाटे उठून ती अंगणात वाकून काहीतरी शोधत असते. पहिल्या दिवशी मी विचारले काय हरवले. म्हणाली, “काई नाई, सवय हाये.” आता विचारत नाही. परवा तिने मला विचारले की इथे मेले तर तुम्ही मला नाल्यावर नेणार का, आणि आधीच एकदा नेल्यामुळे दुसऱ्यांदा नेता येईल का. तेच मी आपल्याला विचारतो. घोडी सुटली, साहेब, आणि मी सुटलो, आणि आमच्या बदल्यात ती अडकली. मला झोप लागत नाही.

१४. सबब विनंती की, माझ्यावर सरकारची फसवणूक केल्याचा खटला भरावा, दंड करावा, कैद द्यावी, मला मान्य आहे. नाकेदारांचा दोष धरू नये, त्यांनी जे दिसले ते लिहिले. मात्र या अर्जाच्या उत्तराची वाट रुखमाबाई पाहणार नाही. तिने मला तसे बजावले आहे. येत्या गुरुवारी, दि. ११ रोजी सकाळी, ती नाक्यावर जाईल आणि बांबूखालून वाकून आत चालू लागेल. तिला अडवायचे की नाही, याचा नाकेदारांना आपण आधी लेखी हुकूम द्यावा. त्यांना तिला अडवायचे असेल तर नियमाप्रमाणे रजिस्टरात लिहावे लागेल की अमुक वाजता रुखमाबाई, सावरटोला, हिला अडवले. ती ओळ सरकारी शाईने लिहिली गेली की ती जिवंत असल्याचा दुसरा पुरावा आम्हांला नको. आणि ती ओळ लिहायची नसेल, तर रस्त्यावर कोणी नाहीच. मग घर चार मैलांवर आहे, ती पोचेल.

यापुढे आपल्याशी खोटे न बोलणारा,

गुलाम रसूल
चांदा, दि. ८ एप्रिल १९५७

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : रुखमाबाई, राहणार सावरटोला. माझ्यासमक्ष, बसून, स्वखुशीने केला.