न शिवता कळलेलं पाणी

शुक्रवार, १२ ऑक्टोबर २००१
रास अल खैमा

गेले तीन सुट्टीचे शुक्रवार जिच्यावर घालवले, ती पट्टी आज चालली! सर्किट बोर्डाची वीतभर पट्टी, टोकाला तांब्याच्या दोन रेघा, वर वॉर्निशचे दोन हात. तांबं मातीला लागतच नाही, तरी त्याला ओल कळते. ओल वाढली की पट्टीला जोडलेल्या मीटरवरचा आकडा खाली येतो. हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल?

आमच्या कामगार-कॅम्पचे माळी इब्राहिमचाचा रत्नागिरीचे. त्यांनी वाढवलेला कडुनिंब पिवळा पडलाय. ते रोज दोन बादल्या पाणी घालतात, आणि सुपरवायझर म्हणतो, उद्या उपटा. मी पट्टी मुळाशी खोचली. वर कोरडी वाळू, आकडा मोठा. खोल गेल्यावर आकडा धाडकन पडला.

"चाचा, खाली पाणी तुंबलंय. झाड तहानलेलं नाही, बुडतंय."

चाचांनी हातानं उकरलं. काळा, कुजका चिखल निघाला.

"म्हणजे मीच बुडवलं?"

त्यांनी स्वतःच जाऊन सुपरवायझरकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. "आता पाणी खलास," म्हणाले.

मग पट्टी पुसून त्यांनी तळहातावर ठेवली. मध्ये वॉर्निश होतंच, तरी आकडा चिखलात पडला होता तसाच पडला.

"अरे, हा मलापण ओला समजतो?"

"चाचा, माणूस बराचसा पाणीच असतो."

ते हसले नाहीत. दुसरा हातही त्यांनी पट्टीवर हळूच ठेवला, आणि आकडा आणखी खाली गेला.